कुलपातलं कपाट

"घेतलेलं व्रत माणसाने मध्येच सोडलं, तर पाप लागतं का गं?" मशीनवरून मान वर न करता शिंप्याने बायकोला विचारलं.

"कसलं व्रत?"

"सहज विचारलं."

सहज! काजं आणि बटणं यापलीकडे या माणसाने कधी काही सहज विचारलं नव्हतं. वेदांताच्या वर्गाला जायला लागल्यापासून त्याचं लक्षण काही ठीक नव्हतं. पुढच्या खोलीत त्याचं दुकान, तिथलं कपाट आता कुलपात असायचं. परवा तर त्याच्या बाहीला भगवा दोरा चिकटलेला दिसला. भरला संसार टाकून हा संन्यास घेणार, दुसरं काय?

रविवारी तीही वर्गाला जाऊन बसली. स्वामी दारातून वाकून आत आले. दार चांगलं उंच होतं, स्वामीच ताडमाड होते. प्रवचन झालं, प्रश्न सुरू झाले.

"ध्यानाला बसलं की झोप येते," एक आजोबा म्हणाले.

"मग आधी झोप पुरी करा," स्वामी म्हणाले आणि सगळे हसले. कुणी काही विचारा, उत्तर तयार.

तिने हात वर केला. "मोक्षासाठी घर सोडावंच लागतं का?"

स्वामी आधी पाणी प्यायले. शिंपी सतरंजीकडे बघत राहिला.

"नाही," स्वामी म्हणाले. "आणि सोडलं म्हणून मिळतोच असंही नाही." मग त्यांनीच विचारलं, "ताई, रोज त्याच माणसाबरोबर राहून कंटाळा नाही येत?"

म्हणजे फूस यांचीच तर! तिला राग आणि रडू एकदमच आलं.

"येतो ना. भांडणंही होतात. म्हणून कुणी उठून जातं का?"

"भांडल्यावर आधी कोण बोलतं?"

"ज्याला भूक लागते तो."

स्वामी मनापासून हसले. तिला मात्र तो चोंबडेपणा मुळीच आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिंपी दोऱ्याची रिळं आणायला बाहेर गेला. किल्ली मशीनवरच राहिली होती. तिने कपाट उघडलं.

छाटी नव्हती, कफनी नव्हती. हँगरला पांढरा शर्ट आणि करडी पँट, कडक इस्त्रीची. नवे कपडे, तेही लपवून? मग हे प्रकरण संन्यासाचं नाहीच, भलतंच कुणीतरी आहे!

तिने पँट उचलून खुंटीवरच्या नवऱ्याच्या पँटशेजारी धरली. चांगली वीतभर लांब होती. तिने पुन्हा धरून पाहिली. मग हात घालून खिसा उलटा केला.

आतलं अस्तर भगवं होतं, धुऊन धुऊन विटलेलं.