अधिक महिन्यातलं कफन

"पानं जाळायचीच. यात बोलायचं काय राहिलं?" क्वॉन ब्युंगहो म्हणाले आणि खाली बसले.

सॉकोल गावच्या सभागृहात बसलेले सगळे भांग पिकवणारे. परवाना फक्त सालीच्या धाग्याचा. पानं सरकारी माणसासमोर जाळून टाकायची. ती जाळण्याऐवजी औषधाच्या संशोधनाला द्यावीत, असा अर्ज आला होता. गावाची संमती हवी होती, आणि गाव चालायचं विणकर संघाच्या प्रमुखाच्या, म्हणजे ब्युंगहोआजोबांच्या शब्दावर.

अर्ज हेरिमचा. तिची सहा वर्षांची दाओन मांडीवर पेंगत होती. पोरीला दिवसातून वीस-वीस वेळा आकडी यायची.

शहरातून आलेल्या डॉक्टर नामबाई उभ्या राहिल्या. "या झाडात दोन मुख्य द्रव्यं. एकानं नशा चढते, दुसऱ्यानं नाही. आकडी कमी होते ती दुसऱ्यानं. एकसष्ट मुलं तपासली. औषध कुणाला आणि नुसतं तेल कुणाला, हे आम्हालाही माहीत नव्हतं. औषधवाल्या निम्म्या मुलांची आकडी अर्ध्यावर आली. सोजूची दारू प्यायल्यानं याहून जास्त नुकसान होतं, आणि ती तर दुकानात मिळते."

"मग आमच्या म्हाताऱ्याला आधी जाळा!" मागून एक बाई ओरडली. सगळे खो-खो हसले.

ब्युंगहो हसले नाहीत. "कागदावर काय, काहीही लिहिता येतं. आमचं कापड मेलेल्यांच्या अंगावर जातं, बाई. मागे एकदा पोलिसांनी घरं धुंडाळली, तर शेजारची गावं आम्हाला गांजेकस म्हणायला लागली. एक पान जरी इकडचं तिकडे झालं तरी साऱ्या गावाचे परवाने जातील, तुरुंग वेगळाच."

"आजोबा, माझ्याकडे बघून सांगा," हेरिम म्हणाली. "पानांनी गुण येत नाही?"

त्यांनी पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला.

"नाही येत."

कान लालबुंद झाले होते त्यांचे. आजारी लेकराच्या आईला सगळ्यांसमोर तोंडावर नाही म्हणायचं, आणि तेही या वयात! कुणाला लाज वाटणार नाही?

विरोधात भराभर हात वर झाले. अर्ज बारगळला.

संध्याकाळी हेरिम पोरीला पाठुंगळीला घेऊन ब्युंगहोंच्या दारात आली. आत माल्सूनआजी मागावर बसल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांनाही अशीच आकडी यायची, डॉक्टरांनी हात टेकले होते. मग अधिक महिन्यात ब्युंगहोंनी बायकोसाठी कफन शिवून घेतलं. अधिक महिन्यात कफन शिवलं की आयुष्य वाढतं, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याच महिन्यापासून आजींची आकडी थांबली ती थांबलीच. गाव अजून त्याच्या गोष्टी सांगतं.

हेरिमनं गुडघे टेकले. "विज्ञान हरलं, आजोबा. यंदाही अधिक महिना आहे. माझ्या पोरीला कफन शिवून द्या."

"अगं, काय बोलतेस! लेकराचं कफन कुणी शिवतं का?"

"आजींना गुण आला ना? मग माप घ्या."

ब्युंगहोंनी बायकोकडे पाहिलं. आजींनी मान खाली घातली. बोलावं, आत्ता तरी बोलावं, असं ब्युंगहोंना फार वाटलं. शरमेनं जीव नकोसा झाला. पण त्यांनी मापाची पट्टी काढली.

गुदगुल्या होऊन दाओन खिदळली. एकशे सहा सेंटिमीटर.

"वाढतं अंग आहे," हेरिम म्हणाली. "थोडं मोठंच ठेवा."

तिनं वाकून तीनदा नमस्कार केला. ब्युंगहो भिंतीकडे बघत राहिले.

मायलेकी वळणाआड गेल्यावर त्यांनी दाराला आतून कडी घातली, शेगडीवरचं भांडं उतरवलं आणि गेली तीन वर्षं रोज देत होते तसा भांगेच्या पानांचा काढा गाळून बायकोच्या हातात दिला.