नऊ डावांचा भोपळा

वेंडेल हॅस्किनचा पहिलाच चेंडू ब्रॅन्सबरीच्या बॅटरच्या हनुवटीखालून सणाणत गेला. बॅटर मागे सरकला तो थेट धुळीत बसला.

"पॅन्ट झटक रे बाळा," वेंडेल म्हणाला. "फायनलला स्वच्छ दिसायला हवं ना!"

ब्रॅन्सबरी आज जिंकले, की फायनल. हरले तर घरी. कार्व्हर फॉल्सचा संघ तळाला होता. त्यांचा मोसम तसाही आज संपत होता. वेंडेल त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, वय अडतीस. चौदा वर्षं बेसबॉलच्या छोट्या लीगमध्ये खांदा झिजवून त्याने एकही फायनल खेळली नव्हती. टीव्हीवर एकदा बघायला बसला होता, तीही अर्ध्यात बंद केली. एकदा तरी त्या दिवशी चेंडू आपल्या हातात असावा, एवढीच इच्छा उरली होती. ती आता कसली पुरी होतेय! मग ही ब्रॅन्सबरीची पोरं कोण लागून गेली?

पाच डाव झाले, तरी त्यातला एकही पोरगा चार बेसांपैकी दुसऱ्याच्या पुढे सरकला नाही.

वेंडेल बाकावर येऊन बसला की आजूबाजूच्या दोन-दोन जागा आपोआप रिकाम्या होत. ज्या पिचरची पाळी, त्याच्याशी त्या दिवशी कोणी बोलायचं नाही, हे बेसबॉलमधलं सोवळं. म्हातारा मॅनेजर ऑर्विन ते इतकं कडक पाळायला लावी, की पिचरला बायकोचा फोनसुद्धा देत नसे. वेंडेलची तक्रार नव्हती. बोलण्याच्या लायकीचं होतं कोण तिथे?

सहाव्या डावात ब्रॅन्सबरीच्या एका भोळसटाच्या हातून चेंडू निसटला आणि कार्व्हर फॉल्सला फुकटात एक धाव मिळाली.

"आभारी आहोत!" वेंडेलने बाकावरून ओरडून सांगितलं. "आईला सांग, पोरगं दानशूर निघालं!"

आता समोरच्यांना एकही धाव मिळू द्यायची नव्हती, बस्स.

आठव्या डावात त्याचे चेंडू झेलणारा कॅचर एस्तेबान तोंडापुढे ग्लोव्ह धरून त्याच्याजवळ आला. "वेंडेल, जरा ऐक, तुला कळायला हवं..."

"तू मला शिकवणार? जा, उकिडवा बस जाऊन."

एस्तेबानने बाकाकडे पाहिलं. ऑर्विनने जोरात नकारार्थी मान हलवली. एस्तेबान मुकाट परतला.

नवव्या डावात ब्रॅन्सबरीचा कप्तान शेवटचा आला. तीन चेंडू, तीन वेळा हवेत वार, खेळ खलास. नऊ डावांत भोपळा.

"चला, मुंडावळ्या उतरवा!" वेंडेल ओरडला. "वरात रद्द!"

कप्तान तिथेच गुडघ्यांवर बसला. वेंडेल त्याला वळसा घालून शीळ घालत बाकाकडे आला.

ऑर्विन वाट बघत उभा होता. "असा चेंडू तू जन्मात टाकला नव्हतास."

"अरे वा! वाचा फुटली तुम्हाला?"

"सामना संपला. आता चालतं." म्हाताऱ्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "सकाळीच सांगायला हवं होतं. पण तुझी पाळी होती."

"काय सांगायला?"

"मालकांनी तुला दुसऱ्या संघाला दिलं. आजच्या सामन्यानंतर लागू. त्यांच्या पिचरचा खांदा गेलाय, शनिवारच्या फायनलला टाकायला कोणी नव्हतं."

वेंडेलने ऑर्विनचे दोन्ही दंड धरले. "फायनल? मी? कोणाकडून?"

पलीकडच्या बाकावर ब्रॅन्सबरीची पोरं सामान आवरत होती. ऑर्विनने तिकडे बोट दाखवलं.