परवाना

बशीवर चमचा खणकला, तेवढाच काय तो स्वयंपाकघरात आवाज. नवरा-बायकोच्या अबोल्याला चौथा महिना लागला होता. आतल्या खोलीत मात्र नवऱ्याचा हौसेचा वायरलेस सेट रंगात आलेला; तीन गावं पलीकडच्या कुणा अनोळखी माणसाच्या गुडघेदुखीची तो अगदी जिव्हाळ्याने चौकशी करत होता.

भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी ती समेटासाठी त्या खोलीच्या दारात उभी राहिली होती. तेव्हा सेटवरची नजरही न हलवता, लेकीदेखत त्याने टोमणा हाणला होता, "लायसन्स नसलेल्यांशी बोलायची आम्हाला मनाई आहे, बाईसाहेब!"

तीही इरेला पेटली. लेक दुपारची झोपली की पुस्तक उघडायची. वायरलेसच्या लायसन्सची परीक्षा दिली, पास झाली, आणि आज लायसन्स हातात आलं. ओट्याशी उभं राहून तिने उसन्या आणलेल्या हँडसेटचं बटण दाबलं आणि आपला नवाकोरा कॉल साइन, वायरलेसवरचा ओळख-क्रमांक, सांगितला. "माझा आवाज येतोय का? ओव्हर."

आतलं बोलणं थांबलं. मग खट्‌कन सेट बंद झाला.

लेकीने लायसन्सचा कागद उलटसुलट करून पाहिला.



"आई, आता बाबांशी बोलायला आणखी काय लागतं गं?"