बारा वाजताचे चोर

“तुमच्या कॉम्प्युटरवर दोन अँटिव्हायरस आहेत,” ऋतुजा म्हणाली, “आणि दोघं एकमेकांवरच पहारा देतायत.”

“मग एकाला सुट्टी द्या की,” जोतिराम म्हणाला. “पर एक वाजायच्या आत गाडी पळाली पायजे.”

एक वाजता दिल्लीचा व्यापारी व्हिडिओ कॉलवर येणार होता. जोतिरामच्या यंत्रमागावर विणलेल्या नव्या चादरीची नक्षी त्याला जवळून बघायची होती. गेल्या खेपेला ऐन बोलण्यात जोतिरामचं उघडं तोंड पडद्यावर तसंच अडकलं, आणि व्यापाऱ्यानं ‘पुन्हा बघू’ म्हणून फोन ठेवला. आज तसं झालं तर ऑर्डर शेजारच्या कारखान्यातल्या शरणबसवला जाणार, हे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं. म्हणून सकाळीच शहरातून ऋतुजाला बोलावलं होतं. कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत तिचा हात धरणारं कोणी नाही, असं त्यानं ऐकलं होतं.

पडद्यावर काही दिसत नसताना आतल्या आत काय काय चालू आहे, ते ती एकेक करून दाखवत गेली. पुतण्याचा क्रिकेटचा गेम स्वतःलाच अपडेट करत बसला होता. मेव्हण्याच्या लग्नाचे फोटो कधीपासून कुठंतरी वर चढत होते, आणि मेव्हण्याचा मुलगा आता शाळेत जायला लागला होता. एक सिनेमा निम्मा उतरून अडकला होता. तो कोणी लावला, हे कोणीच कबूल करेना.

ऋतुजानं सगळ्यांना बंद केलं. कॉम्प्युटर हलका झाला. नेट मात्र होतं तसंच रखडत होतं.

दारात अजिनाथ येऊन उभा राहिला. तो सगळ्यात जुना कामगार. “मालक, आज जेवायचं कवा?”

“कॉल झाल्याबिगर माग थांबायचं न्हाईत. त्याला चालू कारखाना दिसला पायजे.”

अजिनाथ मान हलवून गेला. जेवणाची ठरलेली वेळ तिथं नव्हतीच. काम सोडेल तेव्हा बसायचं, कधी बाराला, तर कधी पार दोन वाजता. माग थांबवून, हातपाय धुऊन, तंबाखू मळून होईपर्यंत कुंभारी गावातल्या घरांतून स्कूटीवर सगळ्यांचे डबे यायचे. जोतिरामला त्याचा भारी अभिमान.

“आमच्या बायकांच्या हाताला गुणच हाय तसा,” तो ऋतुजाला म्हणाला. “कवाबी बसा, भाकर गरम. तुमीबी आज जेवूनच जायचं.”

ऋतुजाचं लक्ष नव्हतं. “हा कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम बघा,” ती म्हणाली. “तुमच्या कारखान्यातले कॅमेरे बाहेरून कोणीतरी बघतंय. एकाच वेळी डझनभर मोबाईल. सगळं नेट तिकडंच चाललंय.”

जोतिराम खुर्चीतून उठला.

“सकाळी एखाददुसरा असतो,” ऋतुजा वाचत होती. “बारा वाजायला आले की सगळे येतात. रोजचंच आहे हे.”

“शरणबसव!” जोतिरामनं टेबलावर थाप मारली. “तरीच! माझ्यावानीच मोराची चादर काढली की त्यानं. म्हनलं, ह्याला सपान पडलं का काय!”

“पण डिझाईनच्या टेबलावरचा कॅमेरा कोणी उघडतच नाही. सगळे मागांकडंच बघतायत.”

“कापड मागावरच दिसनार की, ताई. चोर काय खुळा हाय व्हय?”

“पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?”

“कुनालाच न्हाय. मलाबी ध्यानात न्हाय. थांबा.”

त्यानं घरी बायकोला फोन लावला. बजाबाईनं इंग्रजी अक्षरं, आकडे, मधलं चांदणीसारखं चिन्ह, सगळं पाढा म्हणावा तसं घडाघडा सांगितलं. जोतिरामनं कौतुकानं ऋतुजाकडं पाहिलं.

“कशाला पायजे वो?” बजाबाईनं विचारलं.

“काय न्हाय. आज जेवायला उशीर हुईल.”

“बरं, बघते,” म्हणून तिनं फोन ठेवला.

ऋतुजानं पासवर्ड बदलला. डझनभर मोबाईल एका झटक्यात बाहेर गेले आणि नेट मोकळं सुटलं. एक वाजता दिल्लीचा व्यापारी समोरच्या बाकावर बसल्यासारखा स्वच्छ दिसला. त्यानं मोर पाहिला, पिसाऱ्यातला धागा न् धागा पाहिला, चालू माग पाहिले आणि ऑर्डर पक्की केली. डोळे पुसत जोतिरामनं व्यापाऱ्याला दोनदा नमस्कार केला.

मग माग थांबले. अजिनाथ पळत जाऊन पेढे घेऊन आला. कुंपणापलीकडं ऐकू जाईल अशा बेतानं जोतिराम ओरडला, “चोरांची बत्ती गुल केली आज!” पलीकडून शरणबसवनं हसून हात हलवला. त्यामुळं जोतिरामचा संशय आणखीच पक्का झाला.

हातपाय धुऊन सगळे गोल करून बसले. ऋतुजाही बसली. कांदे फोडून झाले, शेंगाचटणी वाढून झाली. तंबाखू मळून झाली, थुंकूनही झाली. डबे काही येईनात. पेढ्यांचा पुडा रिकामा झाला तेव्हा अजिनाथ म्हणाला, “मालक, असं कवा झालं न्हवतं.”

जोतिरामनं घरी फोन लावला. “अगं, भाकरी कुटं हायत? हितं समदी चटणी चाटत बसल्यात!”

“बसू द्या की!” बजाबाई कडाडली. “आमी समद्यांच्या घरच्या बायकाबी पीठ मळून, डब्याला मोबाईल टेकवून बसलोय. आज कुनाच्याच मोबाईलवर कॅमेरा लागंना. माग थांबल्यालं दिसल्याबिगर तव्यावर भाकर टाकायची कशी, सांगा की!”