सहावीचं पिंप

दीपमालाची बाटली काही केल्या रिकामी होईना, म्हणून नलिनीबाईंचं तिकडे लक्ष गेलं.

शाळा नुकतीच सुटली होती. भालकीचं मार्चमधलं ऊन. अंगणातल्या फरशीवर पाय ठरत नव्हता. पोरं रांगेनं येऊन घरून आणलेल्या बाटलीत उरलेलं पाणी आपापल्या वर्गाच्या पिंपात ओतत होती. ते पाणी बागेला जायचं. शिपाई हावगेप्पा रोज पिंपावर खडूची रेघ मारायचा, आणि आठवड्यात ज्या वर्गाचं पाणी जास्त, त्याला फिरती ढाल. ही युक्ती मुख्याध्यापिका नलिनीबाईंची. चार महिन्यांत शाळेची पाणीपट्टी निम्म्यावर आली. बिदरहून आलेले शिक्षणखात्याचे साहेब कौतुक करून गेल्यापासून तर बाईंना आभाळ ठेंगणं झालं होतं.

सहावीनं पाच आठवडे ढाल सोडली नव्हती.

"दीपमाला, एवढं पाणी कसं उरलं गं? आज प्यायली नाहीस?"

पोरगी बाटली ओततच राहिली. तिच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. तिच्यामागून वर्गाची मॉनिटर विभा पुढे आली आणि मोठ्या ऐटीत म्हणाली, "आमच्यात कुणीच पीत न्हाई, बाई. पाचवीची पोरं चोरून पितेत, म्हणून त्यांचं पिंप भरंना."

बाईंनी मागची रांग पाहिली. तीस-पस्तीस बाटल्या होत्या, सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या.

"अगं, मी उरलेलं पाणी ओतायला सांगितलं होतं!"

"पेलंच न्हाई तर सगळंच उरतंय की, बाई."

"आणि तहान लागली म्हणजे?"

"थुका गिळताव," दीपमाला पहिल्यांदाच बोलली. "सवय झालीय आता."

बाईंना आठवलं. गेल्याच आठवड्यात ही पोरगी प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली होती. 'घरून खाऊन येत जा,' म्हणून तिला सगळ्यांसमोर झापणाऱ्या त्या स्वतःच होत्या. नळाजवळ आता गर्दी होत नाही, पोरांना शिस्त लागली, असं साहेबांना सांगणाऱ्याही त्याच. बाईंना स्वतःची शरम वाटली आणि त्या शरमेचा नुसता संताप झाला.

"प्या! सगळे प्या. आत्ताच्या आत्ता!"

कुणी हललं नाही. पोरं एकदा बाईंकडे बघत होती, एकदा पिंपावरच्या रेघेकडे. कालच्या रेघेला अजून दोन बोटं पाणी कमी होतं.

बाई पुढे झाल्या. दोन्ही हात लावून त्यांनी पिंप जोरात ढकललं. ते आडवं झालं आणि पाणी धो धो करत अंगणभर पसरलं.

"आवं बाई, हे काय करायलाव!" हावगेप्पा ओरडला.

"पाणी वाया जायलंय!" विभा किंचाळली आणि अख्खा वर्ग धावला. कुणी दप्तर आडवं टाकलं, कुणी पाटी. दोघांनी पिंप उचलून उभं केलं. दीपमाला तापल्या फरशीवर गुडघे टेकून बसली आणि तिनं दोन्ही हातांनी पाणी ओढून ओंजळ भरली.

आता तरी पिईल, म्हणून बाई श्वास रोखून बघत राहिल्या.

दीपमाला जपून उठली, थेंबही सांडू न देता चालत गेली आणि तिनं ओंजळ पिंपात रिकामी केली.