डावं-उजवं

पारख्याने प्रदर्शनासाठी आलेलं पदक काट्यावरून उचललं आणि भिंगाखाली धरलं.

"चांदी चोख आहे. वजनही बरोबर. पण पदक खोटं."

समोरच्या म्हाताऱ्याने मान खाली घातली. त्याची लेक मात्र उसळली. "चांदी चोख म्हणता, मग खोटं कसं?"

"हा स्वार बघा, ताई. चिलखत, ढाल, मागचा बुरूज, काम झकास आहे. पण तलवार उजव्या हातात. शहराच्या शताब्दीला टांकसाळीने काढलेल्या पदकावरचा स्वार डावखुरा आहे. ठसा उलटा कोरायचा, तेव्हा पदकावर सुलटं उमटतं. ठसा कोरणाऱ्या त्या भल्या माणसाने अक्षरं आठवणीने उलटी कोरली आणि स्वार सुलटाच! पदकं वाटून झाली, तेव्हा कुठे लक्षात आलं." पारखी हसला. "नक्कल करणारे शहाणे ती चूक सुधारतात, आणि तिथेच सापडतात."

"बाबा, सांगा ना त्यांना!"

म्हाताऱ्याने टेबलाखाली तिचा हात दाबला. काय सांगणार? त्या पदकापासून टांकसाळीत त्याचं नाव डावरे पडलं, ते निवृत्त होईपर्यंत. निरोपाच्या भाषणातही साहेब तसंच म्हणाले आणि सगळे हसले. त्यानंतर घरी बसून त्याने नवा ठसा कोरला आणि हे एकच पदक पाडलं. उद्याच्या प्रदर्शनात काचेखाली हे राहावं, लोकांनी एकदा तरी नीट केलेलं काम बघावं, एवढ्यासाठी आज तो आला होता.

"अस्सल एखादं आहे का?" त्याने हळूच विचारलं.

पारख्याने खणातून काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. म्हाताऱ्याने ते कधी घरात येऊ दिलं नव्हतं. त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ खाली घेतलं नाही.

"जपून हं, आजोबा," पारखी म्हणाला. "तो डावा हात आहे म्हणून आमची पारख चालते. बाकी सगळ्याची नक्कल करतात लोक."

मग त्याने उजव्या हाताचा स्वार पाकिटात घातला, वर 'नकली' असा शिक्का मारला आणि पेन उचललं. "परत नेताना लागेल. नाव काय लिहू?"

लेक सांगणार, एवढ्यात म्हातारा ताठ बसला.

"डावरे," तो म्हणाला. "डावरे लिहा."