मुकुंदराव घोरतात

"काकू, आता तुम्ही नाव घ्या," समोरच्या घरातली नवी सून म्हणाली आणि हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांपैकी एकीने तिला कोपराने ढोसलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पाच महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून सुमतीबाईंच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. पाणीसुद्धा त्या बोटानेच मागायच्या.

स्वयंपाकघरात तिळगुळाच्या वड्या सोडवणाऱ्या त्यांच्या नवऱ्याचा, मुकुंदरावांचा, हात थांबला. पोरीनं नको ते विचारलं, असं पुटपुटत ते दाराशी आले.

सुमतीबाईंनी डाव्या हाताने पदर सावरला आणि नव्या नवरीसारखी मान झुकवून, कुठेही न अडखळता त्या म्हणाल्या, "पातेल्यातल्या दुधावर आली जाड साय, मुकुंदराव घोरतात, त्याला मी करू काय?"

लग्नानंतर याच उखाण्यावरून मुकुंदराव दोन दिवस जेवले नव्हते. चारचौघांत अब्रू काढली म्हणून. आता ते चौकट धरून रडत होते.

डॉक्टरांनी फोनवर समजावलं. बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या बाजूला, तिथे इजा झालीय. पण पाठ असलेलं, तालातलं बोलणं उजवी बाजूही सांभाळते. तिथूनच सुरुवात करू.

संध्याकाळी मुकुंदरावांनी वड्यांचा अख्खा डबा समोरच्या घरी नेला आणि नातीच्या वयाच्या त्या सुनेपुढे हात जोडले. घरी परतल्यावर त्यांनी रस्त्याकडची खिडकी सताड उघडली आणि बायकोजवळ खुर्ची ओढली.

"म्हण गं पुन्हा," ते म्हणाले. "ऐकू जाऊ दे चारचौघांना."